सोपानआबांचा मिठाचा हात

सोपानआबांनी मला कधी उजवा हात दिला नाही. रक्त घ्यायचं म्हटलं की सदऱ्याची डावी बाही वर सरकवायचे, हात टेबलावर ठेवायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. डाव्या हाताची शीर बारीक, आत दडलेली. दोनदा-तीनदा टोचावं लागायचं. उजव्या हाताची शीर मात्र सुतळीसारखी वर आलेली, डोळे मिटून सुई घातली तरी चुकणार नाही अशी. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, उजवा द्या ना! कशाला मला नि स्वतःला छळताय?"

"न्हाई ताई. त्यो मिठाचा हात हाय."

"मग सुई लागली तर काय मीठ खारट लागायचं बंद होणार आहे?"

"तसं नव्हं. त्याला दुसरं काम लावत न्हाई म्या. तुम्ही टोचा डाव्यालाच, कितींदा बी टोचा."

शिरूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. पुढच्या खोलीत बाक, मागच्या खोलीत मशिनं. रोज सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसून एकमेकांना आपापले आकडे सांगत असतात. आबा मांडवगण फराट्याहून पहिल्या एस.टी.नं यायचे. बरोबर त्यांची बायको, कौसाबाई. ती आत कधी आली नाही. मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बाकाच्या कडेला बसायची आणि आबा बाहेर आले की पिशवीतला डबा उघडायची. मी पाच-सहा वर्षं तिला तशी बसलेली बघत होते. बघत होते म्हणजे काय, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो तसं.

आबा आचारी. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत लग्न असो, सप्ता असो, कुणाचा दहावा असो, पाचशेच्या वर पानं असली की लोक आधी आबांची तारीख घ्यायचे नि मग भटजीची. त्यांच्या टोळीत चार बाया आणि तीन गडी. भाज्या चिरणं, पुऱ्या लाटणं, चुलाण पेटवणं, सगळं टोळी करायची. आबा फक्त दोन कामं करायचे. फोडणी घालायचे आणि मीठ टाकायचे. फोडणी एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणाला देतील, मीठ नाही. मिठाचं पातेलं त्यांच्या पायाशी असायचं, वर ओला फडका. टोळीतल्या कुणी त्याला हात लावला तर आबा ओरडायचे नाहीत, नुसते पातेलं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचे. त्या माणसाला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

मीठ टाकायची त्यांची एक रीत होती. मूठ भरायची, कोपरापर्यंत हात वर घ्यायचा, आणि कढईच्या काठाकाठानं फिरत मूठ सैल सोडायची. डोळे आमटीवर नसायचे, उकळीच्या आवाजाकडे कान असायचा. "पाणी जड झालं की आवाज बसतो," म्हणायचे. मला काही तो आवाज कधी कळला नाही. पण हजार माणसांच्या आमटीत मीठ कमी-जास्त झाल्याची तक्रार मी ऐकली नाही, आणि आमच्या भागातले वऱ्हाडी काय तक्रारीला कमी आहेत!

लग्नाच्या स्वयंपाकाची ते पुन्हापुन्हा चव घ्यायचे. नैवेद्याच्या स्वयंपाकाची मात्र कधीच नाही. सप्त्याचा शेवटचा दिवस असला, हजारोंचा महाप्रसाद असला, तरी देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही ही आपली जुनी रीत. आबा ती कडक पाळायचे. कान आणि मूठ, बस. आणि गंमत अशी, की लोक म्हणायचे, सोपानआबांची सप्त्यातली आमटी लग्नातल्या आमटीपेक्षा चांगली. मी ते त्यांना सांगितलं तर म्हणाले, "देवाला न चाखता वाढलं तर चालतंय ताई. लोकांची लेक उजवायची तिथं अंदाज चालत न्हाई." म्हणजे देवापेक्षा व्याह्याची भीती जास्त! मी हसले, पण ते गंभीरपणे म्हणत होते.

एकदा इनामगावला सप्त्याच्या स्वयंपाकाला गेले होते. तिथं घोडनदीच्या काठावर फार पूर्वीच्या माणसांची वस्ती उकरून काढलेली आहे. घरं, चुली, रांजण सापडले, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. आबा काम उरकून तिकडं बघायला गेले आणि पुढच्या खेपेला बाही वर करता करता मला म्हणाले, "चुली घावल्या म्हनं. दाणं घावलं. मीठ घावलं का, म्या इचारलं. तर कुणाला सांगता येईना. आवं, कसं घावंल? मीठ खाणाराबरबर जातं."

असा माणूस. त्यांची साखर पहिल्यांदा मीच पकडली. लघवीला सारखं जावं लागतंय म्हणून आले होते. आकडा सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सोडायचं काय?"

आबांच्या डोक्यात आजार म्हणजे काहीतरी सोडणं. काशीला जाऊन आल्यावर माणूस एक भाजी सोडतो, गुरू केला की कांदा सोडतो, तसं. कमी करणं हा प्रकार त्यांच्या गावीच नव्हता. शिरूरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी गोड कमी करायला सांगितलं, यांनी चहातली साखरसुद्धा त्याच दिवशी बंद केली. जिलेबीच्या कढईपाशी उभे राहायचे पण बोट बुडवायचे नाहीत. साखर थोडी उतरली. पण जिथं यायला हवी तिथं काही आली नाही. गोळ्या वाढल्या. रक्तदाबही निघाला.

मग डॉक्टरीणबाईंनी मिठाचं काढलं. मी त्या वेळी रिपोर्ट द्यायला त्यांच्या दवाखान्यातच गेले होते. त्या म्हणाल्या, "आबा, मीठ फार झालं तर नुसता रक्तदाबच वाढतो असं नाही. काही लोकांचं शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. इन्सुलिन रक्तात असतं, पण शरीर दाद देत नाही. मग साखर रक्तातच फिरत राहते."

आबांनी विचार केला. "म्हंजी पाव्हणा दारात हुबा, आन् घरात कुणी आईक ना."

"तसंच. म्हणून मीठ बेतानं."

"सोडलं," आबा म्हणाले.

"सोडू नका हो, बेतानं खा. पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ, तेवढं थांबवा."

पण आबांनी ऐकलं ते एवढंच, की मीठ. घरी जाऊन सांगितलं, आजपासून आळणी. ज्या माणसाची मूठ दोन तालुके ओळखतात, त्याच्या घरात मीठ बंद! गावात कौतुक झालं. सोपाननं मीठ सोडलं, किती निग्रही. मीही आल्या-गेल्याला सांगायचे, बघा, पथ्य असं पाळावं. आज ते आठवलं की स्वतःचीच जीभ चावावीशी वाटते. एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. त्या घरात स्वयंपाक कोण करतं, आणि ते माणूस काय जेवतं?

अशी तीन वर्षं गेली. साखर काही बधली नाही. लग्नसराईत तर जास्तच. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "आबा, खरं सांगा, कुठं काय चुकतंय?" आबा छातीला हात लावून सांगायचे, "गोडाचा कण न्हाई आन् मिठाचा खडा न्हाई. खोटं बोलत आसंन तर ह्यो हात झडंल." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्या वर्षी एका लग्नात मोठ्या काहिलीतून आमटी पातेल्यात उपसताना ती उकळती आमटी त्यांच्या उजव्या पावलावर सांडली. फोड आला, फुटला. आबांनी हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाला गेले. महिनाभरानं ते पाय ओढत लॅबमध्ये आले तेव्हा मला वास आधी आला. करंगळीच्या शेजारचं बोट काळपट पडलेलं होतं. मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. "आबा, पाय आहे का खेळणं? कळत नाही का तुम्हाला?" आणि तसंच त्यांना सर्जनकडे पाठवलं.

सर्जननं स्पष्ट सांगितलं. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर आधी बोट जाईल, मग पाऊल. तीन महिन्यांची मुदत. आबांनी त्यांना एकच विचारलं, "हुबं ऱ्हाता येईल का?" आचाऱ्याचा धंदा सगळा उभ्याचा. बसून मीठ टाकता येत नाही, कढईचा काठ दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणाले, "ताई, तुमच्या पोरीच्या लग्नाची आमटी म्या बोललोय. तेवढा तरी पाय टिकू द्या." माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. हसत हसत कधीतरी ठरलेली गोष्ट, पण त्यांनी ती नवसासारखी धरून ठेवली होती.

त्या तीन महिन्यांत आबांनी काय केलं नाही! गोळ्या वेळेवर, इन्सुलिनची सुई पोटात स्वतः टोचून घ्यायचे, भात बंद, ड्रेसिंगला दिवसाआड शिरूर. घरी आळणी भाकरी, आळणी कालवण. आणि आकडा? दोन महिन्यांनी बघितला तर जवळजवळ तिथंच.  मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. तोच आकडा.

आणि त्याच आठवड्यात कौसाबाई पडली.

चैत्रातलं ऊन. सकाळपासून कांदा काढायला वावरात होती. सरीतच कोसळली. बोलणं अडखळायला लागलं, कुणी म्हणालं अर्धांगवायू, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. आबांनी जीप करून शिरूरला आणली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या सांगितल्या. पाच-सहा वर्षं माझ्या बाकावर बसलेल्या बाईचं रक्त मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. हात हातात धरला तर कातडी नुसती कागदासारखी.

रिपोर्टमध्ये सोडियम फार खाली गेलेलं. मीठच नाही अंगात! पण मला धक्का बसला तो दुसऱ्या आकड्यानं. तिची तीन महिन्यांची सरासरी साखरही वर होती. डायबेटिस म्हणण्याइतकी नाही, पण उंबऱ्यावर. अंगानं काटकुळी बाई, दिवसभर वावरात राबणारी, घराण्यात कुणाला साखर नाही. तिला कशानं?

सलाइन लावल्यावर दुसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, जेवता काय तुम्ही?"

"ह्येंचं तेच."

"म्हणजे?"

"आळणी. ह्येंनी मीठ सोडलंय ना."

"अहो, ते त्यांना सांगितलं होतं! तुम्ही कशाला?"

कौसाबाई पदर नीट करत म्हणाली, "ह्ये आळणी गिळणार आन् म्या त्यांच्या म्होरं बसून मीठ खाऊ? घास उतरंल का?"

"किती दिवस?"

"तीन वर्सं झाली."

डॉक्टरीणबाईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्या म्हणाल्या, "मीठ अगदीच तोडलं ना, तरीही होतं असं कधीकधी. शरीर घाबरतं, असेल तेवढं मीठ धरून ठेवायच्या मागे लागतं, आणि त्या धांदलीत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. सगळ्यांचं सारखं नसतं. यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही एकमत नाही, आणि हिची साखर मिठामुळंच वाढली असं मी शपथेवर सांगणार नाही, वयही झालंय. पण हे आळणी आजच्या आज बंद. रोजचं बेताचं मीठ खायला लावा तिला." मग म्हणाल्या, "एक कळत नाही. तिघी-चौघींचं काम करणारी ही बाई आळणी खाऊन पडली. मग तेच ताट जेवणारा तो माणूस, दिवसभर भट्टीपाशी घाम गाळणारा, पडत कसा नाही? त्याचं सोडियम तर चांगलं भरपूर आहे. त्याला मीठ मिळतंय कुठून?"

 त्याचं उत्तर मला पंधरा दिवसांनी यवतला मिळालं.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न यवतच्या हायवेवरच्या मंगल कार्यालयात होतं. स्वयंपाक आबांचा. पायाला पट्टी, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, तसेच उभे. मी सकाळीच मागच्या बाजूला गेले, त्यांना रागवायला. आणि रागवायचं विसरून बघत राहिले.

आबांनी आमटीत मीठ टाकलं. डाव उचलला, डाव्या तळहातावर आमटी घेतली, तळहात भरूनच म्हणा ना, आणि सुर्रकन ओढली. मान हलवली. रश्श्याकडे गेले. तिथं तेच. मसालेभाताचं आधण, मठ्ठा, चटणी. परत आमटी, दुसऱ्या उकळीची. परत रस्सा. कोथिंबीर पडली, परत आमटी. मी मोजायला लागले आणि तासाभरात मोजणं सोडून दिलं. घरची जीभ तीन वर्षं उपाशी होती. ती इथं जेवत होती, आणि आबांना त्याचा पत्ताही नव्हता.

"आबा, हे काय चाललंय?"

"काय?"

"हे खाताय ते."

"खातोय कुठं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "चव घेतोय. अजून पाण्याचा घोट न्हाई घेतला सकाळधरनं. इचारा बायांना."

टोळीतल्या बाया म्हणाल्या, व्हय, आबा लग्नात जेवतच न्हाईत, वासानंच पोट भरतं त्यांचं. आता यांना काय सांगायचं! मी कपाळाला हात लावला. मग मला एक सुचलं. तिथलं एक रिकामं स्टीलचं भगुलं उचललं आणि त्यांच्या पायाशी, मिठाच्या पातेल्याशेजारी ठेवलं. म्हटलं, "आबा, आज एक करा. चव घ्यायची तेव्हा तळहातावर घेता तेवढंच घ्या. जिभेचं टोक लावा. बाकीचं गिळायचं नाही, ह्या भगुल्यात ओतायचं."

"आन् त्यानं काय व्हनार?"

"बघू."

"दोन वाट्या बी भरायच्या न्हाईत, लिहून घ्या," म्हणाले, आणि माझं मन राखायला म्हणून तसं करायला लागले.

अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, दुसरी बसली. मी मधून एकदा जाऊन आले. भगुलं निम्मं झालं होतं आणि आबांचं बोलणं कमी. शेवटची पंगत बसली तेव्हा पुन्हा गेले. टोळी जेवायला बसली होती. आबा एकटे चुलाणापाशी उभे होते आणि खाली बघत होते. भगुलं काठोकाठ भरलेलं. आमटी, रस्सा, मठ्ठा, सगळं एकात एक, वर तेलाची साय धरलेली.

"येवढं म्या खातो?" त्यांनी विचारलं.

"रोज. लग्न असेल त्या दर दिवशी."

"पर म्या तर चव..." एवढंच बोलले. मग खाली बसले. मी आबांना कामाच्या जागी बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं ते पायाचं काहीतरी बोलतील. सर्जननं दिलेली मुदत संपायला आली होती, पाय जायची वेळ आली होती. पण पायाचं नावही त्यांनी काढलं नाही. त्या भगुल्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी तीन वर्सं म्या हिकडं पंगती झोडत व्हतो. आन् ती घरात माझ्यापायी आळणी खात व्हती."

 

"ताई, तिला सांगू नका ह्ये," म्हणाले. आणि लगेच स्वतःच मान हलवली. "न्हाई. म्याच सांगतो."

सांगितलं त्यांनी. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. पुढच्या आठवड्यात दोघं लॅबमध्ये आली. आबा आत आले, खुर्चीत बसले, आणि उजव्या हाताची बाही वर केली. तो हात टेबलावर ठेवला.

"आबा, हा तर मिठाचा."

"घ्या ह्यातलंच. ह्यो काय लई मोठा लागून गेला न्हाई."

मी सुई घातली. एका झटक्यात शीर मिळाली. आबांनी त्या दिवशी तोंड भिंतीकडे केलं नाही. उघड्या दारातून बाकावरच्या कौसाबाईकडे बघत राहिले. मग मीच उठले आणि तिला आत बोलावलं. माझ्या लॅबमध्ये दुसरी खुर्ची तेव्हापासून आहे.

त्यानंतर आबांनी चव घेणं बंद केलं. टोळीला सांगितलं, "आजपासनं समदा सैपाक नैवेद्याचा. चाखायचं न्हाई." पहिल्या एक-दोन लग्नांत आबा अडखळले म्हणे. मूठ भरायचे, परत सोडायचे. आयुष्यभर देवापुढं न चुकलेला अंदाज व्याह्यापुढं चुकेल अशी धास्ती. नाही चुकला. घरीही कौसाबाई कालवणात बेताचं मीठ टाकायला लागली, दोघांच्या एकाच भांड्यात. आबा 'सोडलं' म्हणायचे थांबले आणि साठी उलटल्यावर 'जरासं' म्हणायला शिकले. साखर उतरायला लागली. नुसत्या मिठानं उतरली असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, इन्सुलिन होतं, लग्न नसेल त्या दिवशी पायाला सक्तीची विश्रांती होती. पण तीन वर्षं हटून बसलेला आकडा हलला तो त्यानंतर, हे माझ्या रजिस्टरमध्ये दिसतं. कौसाबाईची साखरही उंबऱ्यावरून मागं सरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला पुस्तकात शोधून जे नीट सापडलं नाही ते तुमच्या भगुल्यात सापडलं." मला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. ती बाई पाच-सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाऊल वाचलं. बोट गेलं. ते कापायच्या आधी आबांनी सर्जनला विचारलं, "त्या बोटाबिगार हुबा ऱ्हाईन ना?" सर्जन हो म्हणाले, तेव्हा म्हणाले, "मग घिवून टाका."

आबा आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेले, हृदय थांबलं. कौसाबाई महिन्याच्या महिन्याला येते. मी तिला आधी खुर्चीत बसवते आणि काय जेवलात ते विचारते. ती हसते. "मीठ खाल्लंय बया," म्हणते.

आबांना मी शेवटचं नीट बघितलं ते माझ्या मुलीच्या लग्नात, शिरूरला. त्यांनी शब्द पाळला. बोट गेलेला पाय जाड चपलेत घालून, काठी चुलाणाला टेकवून, उभे होते. मी नवऱ्या मुलाकडच्यांना चहा देऊन मागं गेले तेव्हा आमटीला पहिली उकळी आली होती. टोळी हातातलं काम थांबवून उभी होती. आबांनी मूठ भरली, हात कोपरापर्यंत वर घेतला आणि काठाकाठानं मीठ सोडलं. कान उकळीकडे. मग थांबले.

डाव उचलून त्यांनी आमटी तळहातावर नाही, एका वाटीत घेतली. माझ्या देवघरातलं तुळशीचं एक पान मागून आणलं होतं, ते वर ठेवलं. मला वाटलं देवाला नैवेद्य पाठवतायत. मी हात पुढे केला. त्यांनी वाटी मला दिली नाही. काठी घेऊन लंगडत मांडवाच्या कडेला गेले. तिथं कौसाबाई बाकी बायांबरोबर लसूण सोलत बसली होती. तिच्यापुढे वाटी धरली.

"आवं, ह्ये काय? माणसं बघत्यात," ती पुटपुटली.

"बघू दे. आधी तू."

तिनं पदरानं हात पुसले, वाटी घेतली, तुळशीचं पान बाजूला करून एक घोट घेतला.  सगळी टोळी तिच्या तोंडाकडे बघत होती. चाळीस वर्षांत आबांचं मीठ चुकलं असं कुणी म्हटलेलं नव्हतं. आणि ही तर तीन वर्षं आळणी खाऊनही एक शब्द न बोललेली बाई. आता तरी काय बोलणार, असं मला वाटलं.

"जरासं कमी हाय," कौसाबाई म्हणाली.

टोळीतली एक बाई फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. आबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा कसनुसा झाला, डोळे भरून आले, आणि मान मात्र हलली, व्हय व्हय अशी. ते परत चुलाणापाशी आले. पायाशी ठेवलेलं मिठाचं पातेलं उचललं, वरचा ओला फडका काढला आणि पातेलं दोन्ही हातांनी कौसाबाईच्या दिशेनं धरलं.

"मग टाक की," म्हणाले. "तुझ्या हातानं टाक."

ती उठली. लसणाची फोलपटं झटकून चुलाणापाशी आली. पातेल्यात हात घातला, चिमूटभर मीठ घेतलं, आबांकडे एकदा बघितलं, आणि कढईत टाकलं.

मुलीच्या लग्नात मी उपाशीच होते, शेवटच्या पंगतीला बसले. आमटीला मीठ अगदी बरोबर होतं.